कॅक्टसला फूल हवंय? मग थंडीत त्याला तहानलेलं ठेवा

नर्सरीतून हौसेने आणलेला छोटा कॅक्टस तीन-चार वर्षं खिडकीत नुसता हिरवा गोळा होऊन बसलाय, मरत नाही पण फुलतही नाही, अशी तक्रार कुणी केली की मी आधी एकच विचारते, डिसेंबरात पाणी घालता का? बहुतेक वेळा उत्तर येतं की हो, थोडंसंच, दर रविवारी. झालं तर मग. बाकी खत, माती, कुंडी हे सगळं नंतर.

ह्या झाडांचं मूळ गाव बघितलं की लगेच कळतं. मॅमिलारिया नावाचे कॅक्टस बहुतेक मेक्सिकोतले, जिम्नोकॅलिशियम नावाचे अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि ब्राझीलच्या दक्षिण भागातले. ह्यातल्या बऱ्याच ठिकाणी पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा आणि थंड जातो. त्या कोरड्या दिवसात झाड वाढ थांबवतं, आतलं पाणी जपून वापरतं, आणि दिवस मोठा व्हायला लागला, ऊब आली की कळ्या काढतं. आता आपल्याकडचं बघा, जून ते सप्टेंबर पाऊस, मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी थंडी. म्हणजे चक्र जवळजवळ तेच आहे, फक्त आपला पाऊस त्यांच्या मानाने फारच जास्त आणि आपली माया पण जास्त. त्यामुळे पुणे-नाशिक-नागपूरकडे कॅक्टस फुलवणं अजिबात अवघड नाही, मुंबई-कोकण-गोव्यात थोडी निवड जपून करावी लागते एवढंच.

१. आधी झाड नीट निवडा, कारण अर्धं काम इथेच होतं

"फुलांचा कॅक्टस" म्हणून दुकानात जे मिळतं त्यातलं निम्मं एकतर कॅक्टस नसतं किंवा फूल नसतं. लाल-पिवळ्या-केशरी टोपीचा तो जो मून कॅक्टस असतो ना, त्याची टोपी म्हणजे फूल नाही, तो हरितद्रव्य नसलेला जिम्नोकॅलिशियमचा प्रकार आहे आणि खालचा हिरवा तीनधारी दांडा हा ड्रॅगनफ्रूटच्या जातीचा असतो, त्यावर कलम केलेलं असतं. वरच्याला स्वतःचं अन्न बनवता येत नाही म्हणून खालच्याच्या जिवावर जगतो, आणि काही वर्षांत दोघांचं जमेनासं झालं की जातो. दिसायला छान, पण पहिलं झाड म्हणून नको.

दुसरी फसवणूक म्हणजे गोंदाने चिकटवलेली सुकी रंगीत फुलं. हात लावला की कागदासारखी कुरकुरतात, रात्री मिटत नाहीत, महिनाभर तशीच राहतात, आणि बुडाशी नीट बघितलं तर गोंदाचा चकचकीत थेंब दिसतो. असं झाड घेतलंच असेल तर फूल ओढून काढू नका, खालची साल सोलून येते आणि तिथून कूज शिरते, वाढता वाढता ते आपोआप सुटतं.

तिसरं म्हणजे युफोर्बिया. लाल-गुलाबी फुलांचं काटेरी युफोर्बिया मिली नर्सरीवाले सर्रास कॅक्टस म्हणून देतात. झाड चांगलंच आहे, वर्षभर फुलतं, पण त्याचा आणि कॅक्टसचा काही संबंध नाही. ओळख सोपी आहे, कॅक्टसला काटे ज्या लोकरीच्या छोट्या गादीतून येतात तशी गादी युफोर्बियाला नसते, आणि युफोर्बियाला खरचटलं की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, घरात लहान मुलं असतील तर लक्षात ठेवा.

आणि गंमत म्हणजे ज्यांना वाटतं आपण कधी कॅक्टस लावलाच नाही त्यांच्या गॅलरीतही बऱ्याचदा एक असतो. आपल्याकडे रात्री फुलणारं जे पांढरं ब्रह्मकमळ घरोघरी असतं, ज्याच्या फुलासाठी शेजाऱ्यांना हाक मारतात, ते एपिफायलम, म्हणजे कॅक्टसच. पण ते झाडांवर वाढणारं जंगलातलं आहे, त्याला सावली आणि ओल लागते, त्यामुळे इथे जे सांगतेय ते त्याला लावू नका.

मग घ्यायचं काय? माझी पहिली पसंती जिम्नोकॅलिशियम. त्यातही बाल्डियानम (लाल-किरमिजी फुलं) आणि पांढरी फुलं येणारे डामसी, ॲनिसिट्सी. अडीच-तीन इंचाची कुंडी असतानाच फुलतात, कडक उन्हाचा हट्ट नाही, सकाळची तीन-चार तास उन्हं पुरतात, आणि दमट हवाही बऱ्यापैकी सहन करतात, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ह्याच्यासारखं झाड नाही. दुसरी पसंती मॅमिलारिया, ह्याची फुलं लहान असतात पण डोक्याभोवती गोल कडं करून येतात. प्रोलिफेरा आणि बोकासाना सोपे, हानियाना हळू वाढतो पण पांढऱ्या केसांच्या गोळ्यावर गुलाबी फुलांचं कडं आलं की बघत बसावं. तिसरी इकाइनॉप्सिस, त्यातला सबडेनुडाटा हा जवळजवळ बिनकाट्याचा, वीतभर लांब नळीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं.

रेब्युशिया आणि लोबिव्हिया फोटोत फार सुंदर दिसतात, ऑनलाइन स्वस्तातही मिळतात, पण ते बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या उंच डोंगरातले आहेत, त्यांना थंड रात्री लागतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे घेऊ नका, पैसे जातील. नाशिककडे प्रयत्न करायला हरकत नाही, आणि तुम्ही इंग्लंड किंवा जर्मनीत कुठे राहत असाल तर मात्र हाच पहिला घ्या, हीटर नसलेल्या खोलीतल्या थंड उजेडाच्या खिडकीत कोरडा ठेवला की वसंतात कळ्यांनी भरतो.

घेताना बुडाशी हलकं दाबून बघा, टणक पाहिजे. हलवल्यावर डुगडुगायला नको. शेंड्याला नवीन काटे ताज्या रंगाचे दिसले म्हणजे वाढ चालू आहे. काट्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो झाडाची लोकर आहे की पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड हे नीट बघा, लोकर सगळीकडे सारखी एका ओळीत असते, ढेकूण कुठेतरी एकाच कोपऱ्यात घोळका करून असतो. आणि जमलं तर फुलात किंवा कळीत असलेलंच झाड घ्या, म्हणजे ते फुलण्याच्या वयाचं आहे हा पुरावाच मिळतो.

२. घरी आणल्यावर

पहिले दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, थेट गॅलरीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलंत तर दोन दिवसात तांबूस-पांढरा डाग पडतो आणि तो डाग आयुष्यभर जात नाही. रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

बहुतेक नर्सऱ्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावून देतात. त्यांना ते परवडतं, हलकं असतं, ट्रेमध्ये रोज पाणी मारतात, उघड्यावर वारा असतो. आपल्या घरात तेच कोकोपीट वरून सुकं दिसतं आणि आत पंधरा दिवस ओलं राहतं, आणि एकदा पूर्ण वाळलं की मग पाणीच घेत नाही, कडेने वाहून जातं. म्हणून माती बदलायचीच, फक्त झाडावर कळ्या असतील तर फुलं होऊन जाईपर्यंत थांबा, आणि पावसाळ्याच्या ऐन मध्यात हे काम काढू नका.

३. माती आणि कुंडी

मातीबद्दल लोक फार वाद घालतात, पण मुद्दा एवढाच की पाणी ओतलं की काही सेकंदात खालून बाहेर यायला पाहिजे आणि कुंडीतल्या मातीत हवा राहिली पाहिजे. आपली काळी माती ह्याला अजिबात चालत नाही, ओली झाली की चिकटते, वाळली की भेगा पडतात. बागेतली लाल माती एकटी वापरली तरी ती दगड होते.

माझं प्रमाण साधारण असं, तीन भाग खडेदार सामान आणि एक भाग सेंद्रिय. खडेदारमध्ये विटांचा चुरा, बांधकामावर मिळते ती बारीक कच किंवा क्रश सँड, जाड मुरूम, मिळाला तर प्युमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे). सेंद्रियमध्ये चाळलेलं गांडूळ खत किंवा नीट कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, त्यात मूठभर निंबोळी पेंड. मुंबई-कोकणात राहत असाल तर खडेदार चार भाग करा, विदर्भ-मराठवाड्यात दोन भाग केलं तरी चालतं कारण तिथे उन्हाळ्यात कुंडी फार लवकर वाळते.

क्रश सँड आणि विटांचा चुरा चहाच्या गाळणीने नव्हे, पिठाच्या चाळणीने चाळा आणि खाली पडणारी धूळ फेकून द्या, वर राहतं ते आपल्या कामाचं. ही धूळ तशीच घातली तर ती खाली बसून सिमेंटसारखा थर करते आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. नंतर धुऊन वाळवून घ्या. समुद्राची वाळू आणू नका, मीठ असतं त्यात.

कुंडी झाडापेक्षा फक्त बोटभर मोठी. छोट्या झाडाला मोठी कुंडी दिली की मुळं नसलेल्या मातीत पाणी साचून राहतं. खाली भोक हवंच, त्यात काही तडजोड नाही, ते चिनी मातीचे कप, काचेचे बाऊल, टेरारियम हे सगळं फोटोसाठी. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरे, तळाला जाड खडीचा थर घालायची आपल्याकडे सवय आहे पण त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी वरच्या बारीक मातीत अडकून राहतं, त्यापेक्षा पूर्ण कुंडीत एकच मिश्रण भरा. दमट हवेत मातीची कुंडी बरी कारण ती कडेनेही वाळते, कोरड्या गरम गावात प्लास्टिकची.

लावताना वर्तमानपत्राची जाड पट्टी करून झाडाभोवती गुंडाळा आणि तिला धरून उचला. जुनी माती हलक्या हाताने पाडा, सुकलेली पोकळ मुळं कापा, दोन-तीन दिवस झाड सावलीत उघडंच ठेवा म्हणजे मुळांच्या जखमा सुकतात, मग कोरड्याच मिश्रणात लावा. आणि लगेच पाणी घालू नका! आठवडाभर तरी थांबा. बाकीच्या झाडांची सवय असल्याने हात शिवशिवतो, माहितीये, पण ओल्या मातीत कापलेली मुळं म्हणजे बुरशीला आमंत्रण. मानेच्या भोवती, म्हणजे खोड मातीत शिरतं तिथे, बारीक खडीचा थर द्या, तो भाग कोरडा राहतो.

४. ऊन

ज्याच्या अंगावर काटे, केस, लोकर दाट त्याला ऊन जास्त, ज्याचं हिरवं अंग उघडं दिसतं त्याला कमी, हा ठोकताळा बहुतेक वेळा बरोबर निघतो. म्हणजे पांढऱ्या मॅमिलारियाला गॅलरीतली सगळ्यात उजेडाची जागा आणि जिम्नोकॅलिशियमला पूर्वेकडचं सकाळचं ऊन किंवा ग्रिलमधून गाळून येणारं.

घराच्या आत टेबलावर, टीव्हीशेजारी, ऑफिसच्या डेस्कवर कॅक्टस फुलत नाही. जगतो, पण शेंडा बारीक आणि फिकट होत उंच जायला लागतो, आणि एकदा असा लांबट झाला की परत गोल होत नाही, पुढची वाढ फक्त नीट होते आणि मधे कंबर राहते. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत डिसेंबर-जानेवारीत खोलवर ऊन येतं, नेमकं तेव्हाच झाडाला ते हवं असतं, तेव्हा कुंड्या तिकडे सरकवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराच्या पुढे पन्नास टक्क्यांची शेडनेट किंवा जुनी पांढरी ओढणीसुद्धा चालते.

५. पाणी, महिन्याप्रमाणे

"आठवड्यातून एकदा", "पंधरा दिवसातून एकदा" असले नियम कुणी दिले तर विश्वास ठेवू नका, कारण नागपूरचा मे आणि दापोलीचा जुलै ह्यांना एकच नियम कसा लागेल? एक बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून ठेवा, काढल्यावर गार आणि ओलसर लागली तर पाणी नाही. किंवा कुंडी उचलून बघा, वाळलेली कुंडी किती हलकी असते हे दोन-तीनदा केलं की हाताला कळतं. आणि पाणी घालाल तेव्हा खालून वाहीपर्यंत घाला, चमचा चमचा नाही, ताटलीत साचलेलं ओतून टाका.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च हा उठवायचा काळ. सगळ्यात महत्त्वाचा. पहिलं पाणी हलकं द्या, आठवड्याने दुसरं भरपूर. सुकून आक्रसलेलं झाड चार-पाच दिवसात टम्म फुगतं. आणि ह्याच सुमारास शेंड्याजवळ बारीक ठिपके दिसायला लागतात. काही झाडं पहिल्या पाण्याआधीच कळ्या दाखवतात, तेव्हा मग महिना न बघता पाणी सुरू करा.

एप्रिल-मे. वाटतं की वाळवंटातलं झाड आहे, ऊन म्हणजे चैन असेल. तसं नाही. कॅक्टस आपली छिद्रं दिवसा बंद ठेवतो आणि रात्री उघडून हवा घेतो, दिवसा उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून. पण रात्रही गरमच राहिली तर त्याचं हे काम नीट होत नाही आणि बरेच कॅक्टस मे महिन्यात नुसते थांबून राहतात. तेव्हा पाणी नेहमी सूर्य मावळल्यावर, माती पूर्ण वाळल्यावरच, दुपारी तापलेल्या कुंडीत गार पाणी कधीच नाही. वारा खेळता ठेवला तर खूप फरक पडतो.

जून ते सप्टेंबर, म्हणजे ज्या चार महिन्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त कॅक्टस मरतात. पहिल्या पावसाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यातच सगळ्या कुंड्या छताखाली आणा, जिथे पावसाची झड येत नाही पण उजेड येतो. एक-दोन सरींनी काही होत नाही, उलट झाडावरची धूळ धुतली जाते, पण सलग आठवडाभर भिजलेली माती आणि ऊन नाही ही जोडी मारते. कोकणात मी तर सांगेन की जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ पाणीच देऊ नका, हवेतली ओलच एवढी असते. पुण्याकडे तीन-चार दिवस सलग उघडीप मिळाली आणि काडी कोरडी आली तर सकाळी थोडं. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका, आणि दमट खोलीत असतील तर दिवसातून थोडा वेळ पंखा.

ह्याच दिवसात एक काम मात्र करा, पावसाचं पाणी बादलीत धरून कॅन भरून ठेवा. बोअरच्या पाण्याने झाडाच्या बुडाशी आणि कुंडीच्या काठाला पांढरा क्षार चढतो, मुळं अडतात. आरओ मशीनचं बाहेर पडणारं वाया पाणी झाडांना घालायची टूम निघालीये, कॅक्टसला ते नको, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

ऑक्टोबर हा त्यांचा आवडता महिना, ऊन चांगलं, रात्री हळूहळू गार. पाणी नियमित, जिम्नोकॅलिशियम तर परत एखादा फुलांचा बहर काढतो. नोव्हेंबरात दोन पाण्यातलं अंतर वाढवत न्या.

आणि डिसेंबर-जानेवारी बंद. चार इंचाच्या वरच्या कुंडीला साफ बंद, अगदी छोट्या दोन-तीन इंचाच्या कुंडीला तीन-चार आठवड्यातून एकदा दोन घोट, तेही उबदार दुपारी, मुळं मरू नयेत म्हणून. झाड थोडं बसकं होईल, सुरकुतेल, शेंडा आत ओढला जाईल. घाबरू नका, हेच पाहिजे असतं. ह्या दोन महिन्यात झाडाला भरपूर ऊन आणि गार रात्र मिळाली पाहिजे, म्हणून ते घरात घेऊ नका, गॅलरीतच राहू द्या. पुण्यात रात्री दहा-बारा अंशाला जातात, निफाडकडे त्याहून खूप खाली, झाड कोरडं असेल तर ह्याने काही होत नाही. ओलं असेल तर मात्र होतं. मुंबईत एवढी थंडी नाही म्हणून तिथे कोरडेपणा आणखी कसून पाळायचा, तोच त्यातल्या त्यात इशारा असतो झाडाला.

६. खत

कमी, आणि फक्त वाढीच्या दिवसात. युरिया, ताजं शेणखत, म्हणजे नत्र जास्त असलेलं काहीही दिलं की झाड हिरवंगार, मऊ, फुगीर होतं आणि फुलं विसरतं, वर किडीला आवडतं. मार्चमध्ये दुसऱ्या पाण्यानंतर आणि परत ऑक्टोबरच्या सुरुवातीला विद्राव्य खत पाव ते अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाशचं प्रमाण) मिळतं ते वाढीसाठी, आणि ०:५२:३४ कळीच्या आधी एखादवेळ. शेतकऱ्यांना ही नावं पाठ असतात, फक्त पाकिटावरचं प्रमाण शेतातल्या पिकाचं असतं, आपल्याला त्याचा छोटा हिस्साच पुरतो. कोरड्या मातीत खताचं पाणी घालू नका, आधी साधं पाणी. केळीच्या सालीचं पाणी, ताक, चहाचा चोथा हे व्हिडिओ बघून करू नका, कुंडीत चिलटं होतात बाकी काही नाही.

७. कळी दिसली, आता काय

आधी ती कळीच आहे ना बघा. कळी टोकदार असते, खवल्यांची, जिम्नोकॅलिशियमची तर एकदम गुळगुळीत, शेंड्याजवळच्या नव्या गाद्यांवर येते. पिल्लू, म्हणजे झाडाला फुटलेलं नवं छोटं झाड, गोल असतं आणि त्याला सुरुवातीपासूनच बारीक काटे असतात. इकाइनॉप्सिसची कळी बाजूने, केसाळ बोंडासारखी येते आणि शेवटच्या दिवसात इतक्या भराभर लांबते की सकाळ-संध्याकाळ फरक दिसतो.

कळ्या असताना कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका, माती पूर्ण कोरडी पडू देऊ नका. कळी वाळून गेली तर कारण बहुतेक हेच असतं, नाहीतर एकदम वाढलेलं ऊन. जिम्नोकॅलिशियमची फुलं दुपारच्या उजेडात उघडतात आणि संध्याकाळी मिटतात, असं काही दिवस चालतं, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना वाटतं की आपलं फूल उघडतच नाही, तर रविवारी दुपारी बघा. फुलावर पाणी मारू नका. वाळलेली फुलं सहज निघाली तर काढा, पावसाळ्याआधी नक्की काढा, त्यांच्यावरच बुरशी बसते आणि खाली उतरते.

मॅमिलारियाचं एक लक्षात घ्या, त्याची फुलं मागच्या वर्षी वाढलेल्या भागाच्या बेचक्यातून येतात. म्हणजे ह्या वर्षी झाड उपाशी, अंधारात राहिलं तर शिक्षा पुढच्या वर्षी मिळते.

८. बिघडलं तर

बुडाशी तपकिरी, सालीसारखं खरखरीत आणि टणक झालं तर तो म्हातारपणाचा भाग आहे, सोडून द्या. पिवळट-तपकिरी, पाणचट आणि मऊ झालं तर ती कूज, आणि आजच्या आज काहीतरी करायला हवं. झाड सगळीकडून सारखं सुरकुतलं असेल आणि माती कोरडी असेल तर तहान. पण माती ओली असून सुरकुतलं, किंवा पाणी घालून पाच-सहा दिवसातही फुगलं नाही तर मुळं गेली आहेत, कुंडीतून काढून बघाच.

कूज असेल तर धारदार सुरी स्पिरिटने पुसा आणि खालून चकत्या कापत वर जा, प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसायची. आतला भाग एकसारखा फिकट हिरवा-पांढरा, एकही तांबूस ठिपका नसलेला दिसेपर्यंत थांबायचं नाही, मधल्या गोलात एक जरी लाल टिंब राहिलं तरी कूज परत वर चढते. कापलेल्या जागी गंधकाची पावडर लावा, नसेल तर दालचिनीची पूड. हवेशीर सावलीत दोन-तीन आठवडे उलटं ठेवा, कडक पापुद्रा धरला की कोरड्या खडेदार मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा. पावसाळ्यात मुळं फुटायला फार वेळ लागतो, ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये लवकर.

पिठ्या ढेकूण हा नेहमीचा पाहुणा. थोडे असतील तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटमध्ये इअरबड बुडवून एकेकाला पुसून काढा, संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी झाड उन्हात ठेवू नका. आठवड्याने परत, कारण अंडी राहतात. जास्त असतील तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, पण लोकरी आणि राखाडी पावडर असलेल्या झाडांवर तेल मारू नका, त्यांचं रूपच जातं. काही कारण नसताना झाड रुसलंय, वाढत नाही असं वाटलं तर कुंडी उपटून मुळं बघा, मुळांवर पिठासारखे पांढरे ठिपके असतील तर तो मुळांवरचा ढेकूण. मुळं धुवा, चार-पाच दिवस वाळवा, माती फेकून द्या, कुंडी गरम पाण्याने धुवून नव्या मिश्रणात लावा. शेंड्याला बारीक गंजल्यासारखे डाग चढत असतील तर लाल कोळी, हा कोरड्या उन्हाळ्यात येतो.

बोटात काटे गेले तर चिकटपट्टी लावून ओढा. सशाच्या कानांसारखा दिसणारा जो ओपन्शिया मिळतो, काटे नसलेला वाटतो, तो सगळ्यात वाईट, त्याचे केसाएवढे काटे शेकड्याने घुसतात.

आणि हो, घरात काटेरी झाड ठेवलं की भांडणं होतात असं आमच्याकडेही म्हणतात. आमच्याकडे भांडणं आधीपासून आहेत. तरी घरातल्या मोठ्या माणसांना पटत नसेल तर गॅलरीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवा, झाडाला तिथेच जास्त बरं वाटतं.

९. एकाची चार करायची असतील

पिल्लं सोपी. अंगठ्याच्या पेराएवढं पिल्लू झालं की पिळून अलगद सोडवा, आठवडाभर सावलीत वाळवा, मग लावा. मॅमिलारिया प्रोलिफेराचं तर हात लागला तरी पिल्लू पडतं आणि पडलेल्या जागी रुजतं.

बियांपासून करायला मजा येते पण चिकाटी पाहिजे. मॅमिलारियाला फुलं झाल्यावर काही महिन्यांनी लवंगी मिरचीएवढी लाल फळं येतात, त्यात काळ्या-तपकिरी बारीक बिया असतात. प्रोलिफेरा एकटा असला तरी फळं धरतो, पण बऱ्याच जिम्नोकॅलिशियमला आणि ॲस्ट्रोफायटम ह्या आणखी एका कॅक्टसला बी धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, त्याच झाडाचं तोडलेलं पिल्लू चालत नाही, वेगळं झाड पाहिजे, आणि दोन्ही एकाच दिवशी फुललेली. रंगाचा बारीक ब्रश घेऊन दुपारी एकाच्या पिवळ्या परागावरून दुसऱ्याच्या मधल्या चांदणीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, फिरवा.

बिया धुवून वाळवा, फेब्रुवारीच्या शेवटी बारीक चाळलेल्या आणि गरम पाण्याने निर्जंतुक केलेल्या मिश्रणावर नुसत्या पसरा, वर माती टाकू नका. छोट्या कुंडीसकट झिपच्या पिशवीत बंद करून उजेडात पण उन्हाच्या बाहेर ठेवा. पंचवीस अंशाच्या आसपास तापमान असलं की एक-दोन आठवड्यात हिरवे मोहरीएवढे ठिपके दिसतात. पिशवी दोन-तीन महिने तशीच, मग हळूहळू उघडायची. पहिल्या हिवाळ्यात मात्र ह्या पिल्लांना कोरडं ठेवायचा नियम लावू नका, एवढ्याशा अंगात साठा नसतो, त्यांना थोडी ओल चालू ठेवा. जिम्नोकॅलिशियमला बी ते फूल साधारण दोन ते चार वर्षं लागतात, आणि दोन वेगळ्या जातींचा संकर झाला असेल तर फुलाचा रंग काय येतोय हे तेव्हाच कळतं.